अयोग्यमधला अ

पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी आठवड्यातून तीन दिवस जायचो. तिथले संगणक, प्रिंटर, फोनची लाइन, म्हणजे जे जे विजेवर चालतं आणि कधी ना कधी बंद पडतं, ते सगळं माझ्याकडे. इमारत दुमजली होती. वरच्या मजल्यावर केमिस्ट बाई आणि त्यांच्या काचेच्या बाटल्या. खाली साहेबांची खोली, नमुने घेण्याची खिडकी, आणि जिन्याखालच्या खोलीत फोन. पहिल्याच वर्षी मी तिथल्या भिंती पोखरून इतक्या तारा ओढल्या की सगळे मला ‘वायरवाले’ म्हणायला लागले. ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

फोनवर ज्या बसायच्या, त्या फोनताई. वयाच्या नवव्या वर्षी तापात त्यांची दृष्टी गेली होती. त्या खुर्चीवर त्यांना बावीस वर्षं झाली होती. लोक आपल्या विहिरीचं, टाकीचं पाणी बाटलीत भरून खिडकीवर आणून द्यायचे, त्यांना एक नंबर मिळायचा, आणि दोन-तीन दिवसांनी ते फोन करायचे. ताई तो नंबर टाइप करायच्या. वरच्या संगणकातून निकाल यायचा आणि पडद्यावर उमटलेला शब्द एक आवाज त्यांच्या कानात म्हणायचा. योग्य, किंवा अयोग्य. तेच त्या पुढे सांगायच्या. कागदी अहवाल मागाहून टपालानं जायचा, पण लोक नळ उघडायचे ते ताईंच्या शब्दावर.

पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या त्या आवाजाला ताईंनी ‘पटपटी’ असं नाव दिलं होतं, आणि ते शोभतही होतं. ताईंनी तिचा वेग इतका वाढवून ठेवला होता की मला त्यातलं अक्षर कळायचं नाही; पत्र्यावर मूठभर वाटाणे ओतल्यासारखं वाटायचं. ताई मात्र ते ऐकत ऐकत फोनवर बोलायच्या, हातानं ब्रेलच्या पाटीत कागद अडकवून टोच्यानं ठिपके टोचत टिपून घ्यायच्या, आणि दारात कोण उभं आहे तेही सांगायच्या. निकाल कधी दोन-तीन सेकंदांत यायचा, कधी नऊ-दहा लागत, कारण वरचं यंत्र जुनं होतं. म्हणून मी फार पूर्वी एक सोय करून दिली होती. निकाल आला की संगणक आधी एक छोटीशी टिंग वाजवायचा, इतर वेळी सूचना द्यायला वाजवतो तीच, आणि लगोलग पटपटी शब्द म्हणायची. शेवटचा निकाल पुन्हा ऐकायला एक बटणही ठेवलं होतं.

त्या वर्षी ताईंच्या धाकट्या बहिणीनं त्यांना बिनतारी हेडफोन घेऊन दिले. दोघी बहिणी एकत्र राहायच्या. ताईंच्या जुन्या हेडफोनची तार खुर्चीच्या चाकात अडकून एकदा त्यांची मान हिसकली होती, तेव्हापासून धाकटीनं ते मनावर घेतलं होतं. मी ते ब्लूटूथवर संगणकाशी जोडून दिले, दोघांची एकमेकांशी ओळख करून दिली म्हणा, आणि म्हटलं, ताई, आता उठून बघा.

त्या उठल्या. एक हात सवयीनं तार सावरायला गेला आणि हवेतच राहिला. मग त्या दारापर्यंत गेल्या, बोळात गेल्या, खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. पटपटी कानातच बोलत होती. त्यांचा चेहरा मी आजवर तसा पाहिला नव्हता. बावीस वर्षं तो आवाज टेबलाला बांधलेला होता आणि त्याच्याबरोबर त्याही.

बोळाच्या टोकाला त्या वळल्या आणि थबकल्या. परत वळल्या, परत थांबल्या. मग मला हाक मारून विचारलं, “वायरवाले, मी टेबलाकडे पाठ केली की ही अडखळते, तोंड केलं की नीट बोलते. असं का?”

मी सांगितलं की या हेडफोनचा कान, म्हणजे लहरी पकडणारा भाग, एकाच बाजूला बसवलेला आहे. तुम्ही वळलात की मध्ये तुमचं डोकं येतं. या लहरी पाण्यात मुरतात, आणि माणूस म्हणजे बहुतेक पाणीच.

“म्हणजे मी माझ्याच पाण्याआड येते,” त्या म्हणाल्या, आणि हसत हसत दोन-तीनदा गिरकी घेऊन खात्री करून घेतली. पन्नाशीच्या बाई बोळात गिरक्या घेताहेत हे खिडकीवरच्या कारकुनानं पाहिलं आणि तो वहीत तोंड घालून बसला.

चार दिवसांनी मी गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, तुम्ही टिंग बंद केलीत का? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, कधी येते, कधी येत नाही. मी हेडफोन कानाला लावले, आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन टिंग वाजवली. वाजली. आणखी चार वेळा वाजवली. खणखणीत. ताई, सुरू आहे की, म्हटलं. त्या म्हणाल्या, असेल बाई, माझंच लक्ष नसेल. आणि मी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढायला निघून गेलो. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे जे घडलं त्यातला माझा वाटा एवढाच, पण तो होता.

दहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी फोनच्या खोलीत टेबलाखाली होतो, नवं जोडणीचं खोकं बसवत. केमिस्ट बाई खाली आल्या. एका पाळणाघराच्या टाकीच्या नमुन्यात त्यांना नको ते जंतू सापडले होते, आणि त्या लोकांनी टाकी रिकामी केली की नाही हे त्यांना विचारायचं होतं. ताईंनी नंबर विचारला. पाटीवरचं टिपण बोटांनी चाचपलं. मग तेच ठिपके पुन्हा एकदा चाचपले.

“मी त्यांना योग्य म्हणून सांगितलंय,” त्या म्हणाल्या. “आज सकाळी नऊ वाजता.”

टेबलाखालून मला केमिस्ट बाईंचे पाय दिसत होते. ते जागचे हलले नाहीत. ताईंनी तोवर फोन उचलला होता. पाळणाघरवाल्या बाईंनी निकाल ऐकून नुकतीच टाकीची तोटी उघडली होती, पिण्याच्या घागरी भरून ठेवल्या होत्या, पण मुलांची पाणी प्यायची वेळ साडेअकराची. ताईंनी आवाज न चढवता सांगितलं की घागरी ओता, तोटी बंद करा, चूक आमची आहे. फोन ठेवला तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला असेल असं मला वाटलं. पण त्यांनी टिपणांच्या कागदांची चळत पुढे ओढली आणि म्हणाल्या, गेल्या दहा दिवसांतले सगळे निकाल वाचा, मी माझे सांगते.

केमिस्ट बाई वाचत गेल्या, ताई बोटांनी ताडून बघत गेल्या. बहुतेक सगळे जुळले. अयोग्य म्हणून सांगितलेलेही जुळले, आणि तेच चमत्कारिक होतं. कधी बरोबर, कधी चूक. पाळणाघर धरून चुकलेले तीन निघाले. एका गॅरेजवाल्याला फोन लागला, तो म्हणाला आम्ही ते पाणी गाड्या धुवायलाच वापरतो. तिसरे एक निवृत्त मास्तर होते, गावाबाहेर विहिरीवर एकटे राहणारे. त्यांचा फोन नुसता वाजत राहिला.

ताई म्हणाल्या, मला तिकडे घेऊन चला. मी म्हटलं, मी एकटा जाऊन सांगून येतो. त्या म्हणाल्या, सांगितलं मी होतं.

मग माझ्या स्कूटरवर आम्ही दोघं गेलो. वाटभर माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात दगडासारखा घट्ट होता. मास्तर झाडांना पाणी घालत होते, म्हणून फोन ऐकू आला नव्हता. धडधाकट दिसत होते. ताई पुढे झाल्या आणि सरळ म्हणाल्या, “निकाल मी चुकीचा सांगितला. तुमच्या विहिरीचं पाणी प्यायचं नाही. तुम्ही किती दिवस पीत आहात?”

चार दिवस, मास्तर म्हणाले. दोन दिवस पोट बिघडलं होतं खरं, पण मी आपला माझ्या हातच्या स्वयंपाकाला नावं ठेवत होतो. त्यांना आम्ही डॉक्टरकडे सोडलं. डॉक्टरांनी तपासून औषध दिलं आणि घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. ताई बाहेर बाकावर बसून होत्या. ते ऐकल्यावर त्यांनी पहिल्यांदा पाणी मागितलं.

संध्याकाळी साहेबांनी त्यांना बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्या दिवशी तर त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता, आणि तेच जास्त लागलं. ते म्हणाले, ताई, वय कुणाला चुकलंय, एकदा कान तपासून घ्या, तोवर फोन कारकून बघेल. त्यांच्या मते प्रश्न मिटला होता. यंत्रानं अयोग्य म्हटलं, ताईंनी योग्य ऐकलं. मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

ताई म्हणाल्या, “कान तपासून घेते. पण आधी यंत्राचे तपासू द्या. मला उद्याची सकाळ द्या आणि वायरवाल्यांना द्या.”

दुसऱ्या दिवशी माझा येण्याचा वार नव्हता, तरी गेलो. कारकून फोन घेऊन खिडकीशी बसला होता. ताईंनी मला त्यांच्या खुर्चीवर बसवलं, हेडफोन माझ्या कानांवर चढवले, आणि डोळे मिटायला सांगितले. पटपटीचा वेग त्यांनी कमी केला नव्हता, म्हणाल्या, एकच शब्द आहे, कळेल. पाळणाघराचा निकाल पडद्यावर होता. पुन्हा ऐकण्याचं बटण त्या दाबणार होत्या आणि मी जे ऐकू येईल ते मोठ्यानं म्हणायचं होतं.

टिंग, अयोग्य. मी म्हटलं, अयोग्य. लगेच पुन्हा, टिंग, अयोग्य. पुन्हा. सात-आठ वेळा झालं. मी मनात म्हटलं, बघा, यंत्र ठीक आहे. मग त्या थांबल्या. मी त्यांना पुटपुटताना ऐकलं, एक, दोन, तीन. बटण. टिंग, अयोग्य. पुन्हा मोजलं, या वेळी पाचपर्यंत. अयोग्य. मग त्या जरा जास्त थांबल्या. मी डोळे मिटून बसलो होतो, कानात काहीच नव्हतं.

योग्य.

मी डोळे उघडले. पडद्यावर अयोग्य होतं. मी ते डोळ्यांनी वाचत होतो आणि कानात आत्ताच उमटलेला शब्द उलटा होता. टिंग नव्हती, कुठे तुटल्याची खरखर नव्हती, अडखळणं नव्हतं. स्वच्छ, धडधडीत, योग्य.

“काय ऐकलंत?” ताईंनी विचारलं.

मी सांगितलं. त्या हळूच खाली, पायरीसारख्या स्टुलावर बसल्या. रात्रभर त्या हे डोक्यात घोळवत होत्या, त्यांनी नंतर सांगितलं. चुकलेले तिन्ही निकाल उशिरा आलेले होते, नऊ-दहा सेकंदांनी. पटकन आलेले बरोबर होते. आणि टिंगही नेमकी अशाच वेळी हरवायची. त्यावरून त्यांनी ताडलं होतं की चूक शब्दात नाही, शब्दाच्या आधीच्या थांबण्यात आहे. मी मात्र त्या दिवशी टिंग पाच वेळा लागोपाठ वाजवली होती. तपासायला म्हणून मी जे करत होतो त्यानंच आजार लपत होता.

मग मी त्यांना जे मला माहीत होतं ते सांगायला लागलो. हे सगळं मी शिकलो होतो, परीक्षेत लिहिलं होतं, पण कुणाला तोंडानं कधी सांगितलं नव्हतं; आणि सांगता सांगता मलाच ते पहिल्यांदा ऐकू येत होतं.

मी म्हटलं, ताई, तारेतून आवाज जातो तसा हा जात नाही. संगणक आधी आवाजाचे बारीक बारीक तुकडे करतो. प्रत्येक तुकडा मोजून त्याचे आकडे करतो, ते आकडे दाबून दाबून लहान करतो, आणि त्यांची पुडकी बांधून हवेत सोडतो. हवेत आधीच गर्दी असते. वायफाय असतं, शेजारच्या खोलीतला बिनतारी माउस असतो, वरच्या मजल्यावर जेवण गरम करायचा मायक्रोवेव्ह असतो, सगळे लहरींच्या एकाच पट्ट्यात बोलणारे. म्हणून हे दोघं, संगणक आणि हेडफोन, एका वाटेवर थांबत नाहीत. त्यांच्याकडे एकोणऐंशी वाटा असतात, आणि ते सेकंदाला सोळाशे वेळा उडी मारून वाट बदलू शकतात. जिथे गोंगाट दिसेल ती वाट सोडून देतात.

“सोळाशे?” ताईंनी विचारलं. “आणि दोघं एकदमच? एकमेकांना न चुकता?”

मी म्हटलं, पहिल्या ओळखीच्या वेळी दोघांचं घड्याळ जुळतं आणि उड्यांचा क्रम ठरतो. त्यानंतर त्यांना विचारावं लागत नाही. एक जिथे उडी मारतो तिथे दुसरा आधीच हजर असतो. एखादं पुडकं वाटेत खराब झालं तर हेडफोन पोच देत नाही, मग संगणक ते पुन्हा पाठवतो. एवढं होऊनही तुम्हाला खंड जाणवू नये म्हणून हेडफोन थोडी पुडकी शिल्लक ठेवतो आणि मग वाजवतो. म्हणजे तुम्ही जे ऐकता ते सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतकं शिळं असतं.

ताईंनी हेडफोन मांडीवर घेतले होते आणि बोटांनी त्याची गादी चाचपत होत्या. मग म्हणाल्या, “आणि हे सगळं कशासाठी, तर पटपटीनं मला योग्य म्हणावं म्हणून.”

मग ही चूक का होत होती ते मी त्यांना सांगितलं. आवाज थांबला की संगणक थोडा वेळ वाट बघतो आणि मग आवाजाची वाट बंद करतो. हेडफोनही पेंगतो, कारण त्याच्याकडे वाटाण्याएवढी बॅटरी. पुन्हा काही वाजवायचं झालं की आधी त्याला उठवायचं, तयार आहेस का विचारायचं, तो हो म्हणणार. या सगळ्याला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ लागतो. गाणं ऐकणाऱ्याला ते कळतही नाही. पण संगणकाच्या स्वतःच्या सूचना, टिंग, टुक, त्याच मुळी तेवढ्या लहान असतात. हेडफोन उठेपर्यंत त्या वाजून गेलेल्या असतात. आपल्या बाबतीत आधी टिंग गळायची, आणि तुमच्या वेगानं बोलणाऱ्या पटपटीचा अ तो केवढा? टिंग आणि तिच्या शेपटीला अ, एवढंच सांडत होतं. त्यापुढचा शब्द पूर्ण पोचायचा.

टेबल ते खुर्ची, हातभर अंतर. त्या हातभर हवेत तो अ पडत होता, आणि नेमका तोच, ज्याच्यावर सगळं अवलंबून.

ताई मात्र वेगळ्याच ठिकाणी अडकल्या होत्या. त्यांनी विचारलं, “तो पेंगतो, ते ऐकू येतं, ते तेच का?”

मला कळेना. त्यांनी पुन्हा मला हेडफोन घालायला लावले, बटण दाबलं आणि म्हणाल्या, शब्द संपल्यावर ऐका, शब्द नाही, नंतरचं ऐका. मी ऐकलं. शब्द, मग शांतता. काही नाही, म्हटलं. पुन्हा. काही नाही. त्यांनी उठून खोलीचं दार लावलं, पंखा बंद केला. तिसऱ्यांदाही मला काही कळलं नाही, आणि मला जरा राग यायला लागला होता. त्या म्हणाल्या, श्वास रोखून धरा.

चौथ्यांदा ऐकलं. शब्द संपला. मागे एक अगदी पुसट सूं होती, दूर कुठे तरी दळणाची गिरणी चालल्यासारखी, की आहे म्हणावं तर नाही. मग पाच-सहा सेकंदांनी ती सूं गेली. टिचकीएवढाही आवाज नाही, पण गेली हे कळलं, जसं शेजारी बसलेला माणूस उठून गेला की डोळे मिटलेले असले तरी कळतं. उरली ती शांतता वेगळी होती. मेलेली होती.

मी बारा वर्षं ही यंत्रं हाताळत होतो. या जगात दोन तऱ्हेच्या शांतता असतात आणि त्यांच्यामध्ये एक दार लागतं, हे मला डोळे नसलेल्या एका बाईनं जिन्याखालच्या खोलीत शिकवलं. मी हेडफोन काढून त्यांच्या हातात दिले. त्या म्हणाल्या, “पहिल्या दिवसापासून ऐकतेय. मला वाटलं, ती तुमच्या यंत्राची रीतच असेल.”

त्यावर तोडगा काय तो मीच काढायचा होता. दाराला पाचर मारायची, एवढं ठरलं: ते लागूच द्यायचं नाही. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला, जो सारखी शांतताच वाजवत राहील. वेडगळ वाटतं, पण करायचं तेच होतं. बाहेरून काहीच नाही, आतून मात्र पुडकी बांधली जाताहेत, वाटा बदलताहेत, पोच मिळते आहे, आणि प्रत्येक पुडक्यात शून्य. दुपारपर्यंत ते चालू केलं. ताईंनी हेडफोन घातले, मोजलं, आणि मान हलवली. दार अजून लागत होतं. हेडफोन हुशार निघाला. नुसती शून्यं येताहेत हे ओळखून तो आपणहून पेंगत होता.

मग शून्याच्या जागी मी किंचित सळसळ घातली, इतकी कमी की मला काही केल्या ऐकू येईना. ताई म्हणाल्या, कुणी तरी तांदूळ पाखडतंय. कमी केली. म्हणाल्या, आता अंगणात पाखडतंय. आणखी कमी केली. त्या मान तिरपी करून बसल्या, ओठ मिटलेले, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत एकेक आकडा खाली सरकवत होतो. शेवटी म्हणाल्या, आता कुणी पाखडत नाही, पण घरात माणूस आहे. एवढंच राहू दे.

मग मिनिटभर थांबून त्यांनी बटण दाबलं. टिंग, अयोग्य. दोन मिनिटं थांबून. टिंग, अयोग्य. पाच मिनिटं आम्ही दोघं मुक्यासारखे बसून राहिलो. टिंग, अयोग्य. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या ते पुसायच्याही भानगडीत पडल्या नाहीत.

केमिस्ट बाईंना मी सगळं सांगितलं, तेव्हा त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या की मुळात तो शब्दच असा का ठेवला आहे. एका अक्षरावर माणसांचं पोट टांगायचं? त्यांनी साहेबांशी भांडून तो बदलून घेतला. चांगल्या पाण्याला योग्य, वाईट पाण्याला धोका. सुरुवात गळो नाही तर शेवट, एकाचा दुसरा होऊ शकत नाही. ताईंनी स्वतःवरही एक नियम घातला, निकाल दोनदा ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मला त्या म्हणाल्या, यंत्र तुम्ही सुधारलंत, पण दुसऱ्यांदा विचारायचं मलाही सुचायला हवं होतं. मी म्हटलं, टिंग हरवते हे तुम्ही मला सांगितलं होतं, आणि मी प्रिंटरकडे गेलो. त्या म्हणाल्या, गेलात खरे. मी माफी मागायची ती तिथेच मागितली.

चूक ताईंच्या कानांची नव्हती, हे साहेबांना मात्र पटेना. सांगून पटण्यासारखं नव्हतंच ते. म्हणून मी माझा प्रोग्राम बंद केला, निकाल जुन्या शब्दावर नेला आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. ताईंनी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. डोळे मिटा, साहेब. टिंग, अयोग्य. टिंग, अयोग्य. मग ताई मनात मोजत राहिल्या. साहेबांचा चेहरा मी बघत होतो. योग्य ऐकताच त्यांनी डोळे उघडले, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा मिटले, आणि लहान मुलासारखं म्हणाले, परत एकदा. तीनदा ऐकलं त्यांनी. मग हेडफोन काढून मांडीवर धरले, उठून उभे राहिले, आणि ताईंना म्हणाले, “काल मी तुम्हाला जे बोललो ते बोलायला नको होतं.”

ताई म्हणाल्या, “ऐकल्यावर कळलं ना, झालं तर.”

तोवर बातमी वर गेली होती. वरून दोन सहायक आले, खिडकीवरचा कारकून आला, झाडूवाल्या मावशी आल्या. सगळ्यांना ती दुसरी शांतता ऐकायची होती. जिन्याखालच्या खोलीत रांग लागली. एकेकानं खुर्चीवर बसायचं, पंखा बंद, दार बंद, आणि ताईंनी सांगायचं, शब्द नाही, नंतरचं ऐका. कारकुनाला पहिल्याच फटक्यात ऐकू आलं म्हणे, पण तो जरा खोटंच सांगत असावा, कारण सूं कधी गेली ते त्याला सांगता आलं नाही. केमिस्ट बाईंनी तीन वेळा प्रयत्न केला आणि हार मानली. वर यंत्रांच्या घरघरीत राहून माझे कान बधिर झालेत, म्हणाल्या. झाडूवाल्या मावशींनी मात्र हेडफोन घालून डोळे मिटले. मग बरोबर त्या क्षणी हात वर केला.

“गेला,” त्या म्हणाल्या.

ताईंचा चेहरा उजळला. त्यांनी पुन्हा बटण दाबलं, मावशींनी पुन्हा बरोबर हात वर केला. ताई मनात मोजायच्या, मावशी ‘गेला’ म्हणायच्या; दोघींनी मिळून सहा वेळा केलं आणि सहाही वेळा जुळलं. आम्ही बाकीचे भिंतीला टेकून, शाळेतल्या पोरांसारखे गप्प उभे होतो. मी मावशींना विचारलं, कसं ओळखता. त्या म्हणाल्या, आई आजारी होती तेव्हा वर्षभर शेजारच्या खोलीतून तिचा श्वास ऐकत काम केलंय.

मी प्रोग्राम पुन्हा सुरू केला, नवे शब्द लावले. कारकुनानं फोन आणून ताईंच्या टेबलावर ठेवला आणि तार खोचली. ती खोचताक्षणी तो वाजला. ताईंनी हेडफोन नीट बसवले, पाटी पुढे ओढली, आणि हातानंच आम्हाला बाहेर व्हायची खूण केली. आम्ही दाराबाहेर घोळका करून उभे राहिलो. आतून त्यांनी नंबर विचारल्याचं ऐकू आलं, मग बटणांची टकटक. मग नऊ सेकंद काहीच नाही. निदान आम्हाला.

“योग्य आहे,” त्या म्हणाल्या, दुसऱ्यांदा ऐकून घेतल्यावर. “हो, अगदी खात्रीनं. आता नळ उघडा.”